उजवा कौल

बाबांना बोलायला आवडे आणि गावाला त्यांचं बोलणं ऐकायला आवडे. खाडीच्या अलीकडच्या तीरावर, धक्क्यावरून दिसेल अशा टेकाडावर आमचं हायस्कूल होतं आणि बाबा तिथले हेडमास्तर होते. शाळेतला एखादा मुलगा मुंबईला नोकरीला लागला की बाबा बाजारात उभे राहून सांगत, "पोरगा माझा." त्याचा खरा बाप शेजारी उभा असला तरी सांगत. बापालाही त्यात काही वावगं वाटत नसे, उलट तोच मान डोलवी. सगळी पोरं बाबांची होती. मला आणि माझ्या भावाला त्याचा थोडा रागच येई, कारण आमच्या वाटणीला त्यांचा वेळ फारसा उरत नसे.

बाबांच्या शब्दांत सांगायचं तर शाळा तेव्हा वयात येत होती. साल पन्नासनंतरचं. दहावीपर्यंतच्या वर्गांवर अकरावीचा, म्हणजे मॅट्रिकचा वर्ग नुकताच जोडला होता आणि त्या वर्षी आमच्या गावातून पहिल्यांदा मुलं मॅट्रिकला बसणार होती. ती पास झाली तर वर्ग टिकणार, नाहीतर शिक्षण खात्याचे साहेब येऊन तो बंद करणार, असं बाबा म्हणत. त्यामुळे अकरावीच्या मुलांचे लाड चालत. त्यांना संध्याकाळी आमच्या ओटीवर शिकवणी असे आणि आई त्यांना चहा देई. त्यांतला सर्वांत हुशार मुलगा शाळा कमिटीच्या अध्यक्षांचा भाचा होता. अध्यक्ष व्यापारी माणूस, गलबतांवर नारळ आणि सुंभ चढवून मुंबईला पाठवणारे. शाळेची कौलंसुद्धा त्यांच्याच गलबतातून आली होती.

खाडीच्या पलीकडून पंचवीस-तीस मुलं होडीने शाळेत येत. त्यांत मुली मोजक्याच होत्या. एक मुलगी मासे विकणाऱ्या बाईची होती. आठवीत, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचा बाप बोटीवर कामाला होता आणि वर्षातून एकदा घरी येई. तिच्या वाडीतली हायस्कुलात आलेली ती पहिलीच मुलगी. अक्षर असं सुरेख की बाबा तिची वही दहावीच्या वर्गात आणून आम्हाला दाखवीत आणि आम्ही मनातल्या मनात तिला शिव्या घालीत असू.

होडी उलांडीची होती. उलांडी म्हणजे होडीच्या एका कुशीला, आडव्या दांड्यांवर बांधलेलं लांब लाकूड. होडी कलंडू नये म्हणून ते असतं. पण पोरांनी त्याचा वेगळाच उपयोग शोधून काढला होता. दोघा-तिघांनी दांड्यांवरून चालत जाऊन उलांडीवर उड्या मारायच्या, की होडी तिकडे झुकते, आणि चटकन आत परतायचं, की ती हिसका मारून उलट बाजूला येते. मुली किंचाळतात. त्या किंचाळण्यासाठीच हा खेळ होता. होडीवाला म्हातारा होता आणि अध्यक्षांच्या भाच्याला दरडावण्याची त्याची छाती नव्हती.

त्या मुलीची आई दोनदा आमच्याकडे आली. माशांची पाटी ओटीखाली ठेवून पायरीशी उभी राहिली आणि होडीत काय चालतं ते तिने बाबांना सांगितलं. पहिल्या वेळी बाबा म्हणाले, "बघूया." दुसऱ्या वेळी ओटीवर शिकवणीची मुलं बसली होती, तो भाचाही होता, आणि बाबांना चेव चढला. ते म्हणाले, शाळेत मी हेडमास्तर, होडीत होडीवाला हेडमास्तर. मुलं खो खो हसली. मीही दाराआडून हसले. ती बाईसुद्धा थोडी हसली, कारण मास्तरांनी विनोद केला होता आणि हसणं भाग होतं. मग बाबा पुन्हा "बघूया" म्हणाले आणि ती पाटी उचलून गेली. दोन-चार दिवसांत तो विनोद गावभर झाला. अध्यक्षांनी तो दुकानात बसून पुन्हा पुन्हा सांगितला म्हणे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी शिकवणी नव्हती. शाळा सुटल्यावर होडी पलीकडच्या धक्क्याला लागत होती. भाचा पलीकडेच मामांच्या घरी राहायचा. त्याने आणि वर्गातल्या दोघा मित्रांनी शेवटची म्हणून एक उडी मारली आणि आत परतले. होडी झुकली आणि धक्क्याच्या चिऱ्यांवर येऊन आदळली. त्या मुलीने उतरण्यासाठी होडीचा काठ धरला होता. तिचा उजवा हात होडी आणि चिरा यांच्यामध्ये सापडला.

हाड बसवणाऱ्या वैद्याने हात बांधला. पुढे मालवणच्या डॉक्टरांनाही दाखवला. पण तीन बोटं मिटायची राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी अकरावीच्या वर्गात विचारलं, होडी कोणी हलवली? कोणी उठलं नाही. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. होडीतल्या सगळ्या मुलांनी पाहिलं होतं, होडीवाल्याने पाहिलं होतं, अख्ख्या गावाला नावं ठाऊक होती. एक बाबांनाच कळत नव्हतं. आईने जेवताना स्पष्ट नाव घेतलं तेव्हा ते म्हणाले, पुरावा पाहिजे. तीन महिन्यांवर परीक्षा होती. तिघांना काढलं तर वर्गात उरलं असतं कोण? तेव्हा मला हे कळत होतं आणि बाबांची कीवही येत होती. पण ती मुलगी दुपारच्या सुट्टीत विहिरीच्या कठड्यावर बसायची ती जागा दिसली की मला जेवण जात नसे.

तिची आई तिसऱ्यांदा आली ती बाबांशी भांडायला नाही. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, आणि द्याव्यात असंही वाटलं होतं. पण ती पायरीशी उभी राहून हळूच म्हणाली, "मास्तरांनू, झाला ता झाला. माका दुसरा कायेक नको. चेडू शाळेत येवक रडता. तुमी एकदा घराकडे येवन सांगा, चेडू माझ्या जबाबदारीर आसा म्हणान. मगे मी तेका पाठयतंय."

मुलगी माझ्या जबाबदारीवर आहे असं बाबांनी घरी येऊन सांगावं, एवढंच मागणं होतं तिचं. वाडीतले लोक तिला म्हणत होते, पोर घरात ठेव, हात गेला तेवढा पुरे झाला. त्यांच्या तोंडावर टाकायला तिला मास्तरांचा एक शब्द हवा होता. बाबांचे डोळे भरून आले, मी पाहिलं. ते म्हणाले, रविवारी येतो.

बाबा खरंच जाणार होते. धुतलेला कोट काढून ठेवला होता. पण शनिवारी अध्यक्षांनी कमिटी बोलावली. बाबा तिथून आले ते वेगळेच होऊन आले. आईला सांगत होते की जबाबदारी घेतो असं म्हणणं म्हणजे दोष कबूल करणं. हे साहेबांच्या कानावर गेलं तर मॅट्रिकचा वर्ग जाईल. शिवाय घंटा झाल्यावर मुलं शाळेची नसतात असं नियमच सांगतो. आई म्हणाली, कालपर्यंत तर मुंबईत गेलेलीसुद्धा तुमची होती. बाबा जेवणावरून उठले. रविवारी ते पलीकडे गेले नाहीत.

तोडगाही अध्यक्षांनीच काढला. गावात दोन तट पडायला नकोत, सोमवारी ग्रामदेवतेला कौल लावू आणि देव सांगेल ते सगळ्यांनी मानू. आमच्याकडे हे नवं नव्हतं. लग्न, जमिनीचा वाद, होडी पाण्यात कधी घालायची, सगळ्याला कौल लागे. गुरव पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. पण शाळेतल्या प्रकाराला कौल कधी लागला नव्हता.

आणि कौलाची टिंगल बाबांइतकी कोणी केली नसेल. ते आम्हाला विज्ञान शिकवीत. एकदा त्यांनी वर्गातल्या भिंतीवर ओल्या पाकळ्या चिकटवून दाखवल्या होत्या. पाणी सुकतं, चिकटपणा जातो, जिचं पाणी आधी सुकलं ती आधी पडते, यात देव कुठे आला? आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मला वाटलं, बाबा सोमवारी उठून हेच सांगतील. मी शाळा बुडवून देवळात गेले ती त्यासाठीच.

देवळाचा मंडप भरला होता. बाबा पुढे, अध्यक्षांच्या शेजारी बसले होते. ती बाई मंडपाच्या बाहेर खालच्या पायरीशी उभी होती. मुलगी नव्हती. गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला गावाने एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं.

"बा देवा म्हाराजा, हो तुझो गाव तुझ्या पायाशी इलो हा."

"व्हय म्हाराजा."

"खाडयेत जा काय घडला, तेचो दोष शाळेर नसलो, तर उजवो कौल दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

बाबा शाळेत मालवणी बोलू देत नसत. माका-तुका तोंडातून गेलं की बाकावर उभं करीत. त्या दिवशी त्या गर्दीत त्यांचा आवाज मला वेगळा ऐकू आला. "व्हय म्हाराजा." सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच होता असं मला वाटलं. तसं नसेलही. पण मुलीला बापाचा आवाज हजारांत ओळखू येतो, आणि माझे कान शरमेने तापले. देव मानणाऱ्या माणसाने ते म्हटलं असतं तर मला काहीच वाटलं नसतं. बाबा मात्र त्या पाकळीकडे परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसे टक लावून बघत होते.

आणि प्रश्न तरी कसा घातला होता! मुलीला पुन्हा शाळेत कसं आणायचं हे कोणी विचारलं नाही. होडी कोणी हलवली हेही विचारलं नाही. देवाला तेवढंच विचारलं जेवढं कमिटीला ऐकायचं होतं.

ऊन उजव्या बाजूच्या झरोक्यातून येत होतं. उजवी पाकळी पडली.

बाबांनी सुस्कारा सोडला आणि जमिनीवर डोकं टेकलं. अध्यक्षांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. लोक उठू लागले. तेवढ्यात पायरीशी उभ्या बाईनेही हात जोडले, पदर सारखा केला आणि मानकऱ्यांकडे बघून बोलली. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"देवान सांगल्यान ता खरा. शाळेची जबाबदारी नाय. मगे आता माझा चेडू मी कोणाच्या भरवशार धाडू?"

तिने काही टोमणा मारला नव्हता. ती खरंच विचारत होती. थोडा वेळ ती उत्तरासाठी थांबली. मग बाजाराची वेळ झाली म्हणून पाटी डोक्यावर घेऊन गेली.

ही चूक आमच्या शहाण्या माणसांच्या ध्यानातच आली नव्हती. कौलाने आपण सुटलो एवढंच त्यांना दिसलं. ज्या बाईचा देवावर विश्वास होता ती त्या कौलाचा अर्थ काय लावील, हा विचार कोणाच्याही डोक्यात आला नाही. जबाबदारी शाळेची नाही तर पोर शाळेत पाठवायची नाही, इतका सरळ हिशेब होता तो. वर्गात पाकळ्या चिकटवून दाखवणाऱ्या बाबांच्याही तो लक्षात आला नाही.

त्याच संध्याकाळी बाबा कोट घालून होडीत बसले. मला म्हणाले, चल. बहुधा एकट्याने जायचा धीर नसावा. मुलगी अंगणात जाळ्याजवळ बसली होती. बांधलेला हात मांडीवर होता. बाबांना बघून ती उठली आणि शाळेत उठतात तशी ताठ उभी राहिली. बाबा तिच्या आईशी बोलले ते मालवणीत. सकाळचं "व्हय म्हाराजा" सोडलं तर मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मालवणी बोलताना ऐकत होते. ते म्हणाले, "चेडू माझ्या जबाबदारीर आसा. मी सवता तेका नेतंय आणि हाडतंय."

बाई गोंधळली. तिने बाबांना बसायला पाट दिला, पाणी दिलं. मग म्हणाली, "मास्तरांनू, देवान नाय म्हटल्यान, नी तुमी होय म्हणतास? तुमच्या सांगण्यार मी देवाचो कौल मोडू?"

बाबा तिला पाणी सुकण्याचं वगैरे सांगू लागले. पण सकाळी त्याच पाकळीपुढे डोकं टेकलेला माणूस ते कोणत्या तोंडाने सांगणार? त्यांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मुलगी अजून उभीच होती. बाबांनी तिला "बस" म्हटलं तेव्हा ती बसली. परतताना होडीत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही मुद्दाम खाडीकडे बघत बसले. मला त्यांच्याजवळ बसायचीसुद्धा लाज वाटत होती. ते माझे वडील होते, मला फार आवडायचे, आणि तरी वाटत होती.

मॅट्रिकची मुलं पास झाली. भाचा चांगल्या गुणांनी पास झाला आणि मुंबईला गेला. बाजारात लोकांनी बाबांना अडवून अभिनंदन केलं. "पोरगा माझा" असं बाबा त्या वेळी म्हणाले नाहीत. पुढेही कोणाबद्दल म्हणाले नाहीत.

पलीकडे त्यांच्या घरी जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून म्हणा किंवा त्या आठवड्यापासून, बाबा शाळा सुटली की छत्री घेऊन धक्क्यावर उतरत, मुलांबरोबर होडीत बसत आणि पलीकडे जाऊन रिकाम्या होडीतून परत येत. पावसाळ्यात, तापात, निवृत्तीपर्यंत. लोकांना त्याचं फार कौतुक. ज्या एका मुलीसाठी ते बसायला हवे होते ती सोडून बाकी सगळी मुलं त्या होडीत असत.

मग तीही येऊ लागली. आई थकल्यावर मासे घेऊन ती अलीकडच्या बाजारात यायची आणि संध्याकाळी रिकामी पाटी घेऊन त्याच होडीने परतायची. ती नेहमी उलांडीच्या बाजूला बसे, दांड्यांच्या तोंडाशी, पाटी आडवी धरून. दांड्यांवर जायचं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं, आणि तशी हिंमत एकाही पोराची नव्हती. बाबा दुसऱ्या टोकाला छत्री घेऊन बसत. शेवटच्या काही वर्षांत त्यांना होडीत डुलकी लागायची. मी तोवर शिकून त्याच शाळेत शिक्षिका झाले होते आणि कधी कधी त्यांच्यासोबत जायचे. त्या दोघांना एकमेकांशी बोलताना मी कधी पाहिलं नाही.

साठनंतर काही वर्षांनी बाबा निवृत्त झाले तेव्हा शाळेत सत्कार झाला. अध्यक्ष तेच होते. भाषणात म्हणाले, हेडमास्तरांनी इतकी वर्षं होडीत बसून मुलांची जबाबदारी वाहिली, एकाही मुलाला ओरखडा उठला नाही. टाळ्या पडल्या. बाबा उत्तराला उठले, आभार मानून खाली बसले. गावाला ते इतकं कमी बोललेले ठाऊक नव्हते. घरी आल्यावर त्यांनी शाल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ही पलीकडे नेऊन दे. कोणाला, ते मी विचारलं नाही.

ती अंगणात डाव्या हाताने मासे कापत होती. उजव्या हाताने मासा नुसता दाबून धरायचा, एवढंच त्या हाताला जमे. मी शाल पुढे केली आणि बाबांनी पाठवली म्हणून सांगितलं. तिने हात धुतले, शाल नीट पाहिली, आणि माझ्या मांडीवर परत ठेवली. म्हणाली, वास लागून खराब होईल, मास्तरांना थंडीत उपयोगी पडेल. मग तिने बाबांची तब्येत विचारली, पाय दुखतात का विचारलं, बाबांना आवडतात म्हणून बांगडे पानात बांधून दिले. मी उठत होते तेव्हा तिने काम थांबवलं.

"मास्तर आता घराकडेच बसतले. मीय पावसाच्या आधी बाजार सोडतंय, हयच विकतलंय. शाळेत तू आसस मा गो? उद्यापासून व्हडयेत कोण बसतलो?"

मला संध्याकाळच्या शिकवण्या होत्या. घरात बाबा आजारी, आई म्हातारी. शाळेत आणखी चार शिक्षक होते, नवे हेडमास्तर येणार होते. यातलं मी तिला काहीच सांगितलं नाही. हातातली शाल आणि बांगडे सांभाळत मी म्हटलं, "बघूया."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पुढचा मासा पाटीतून उचलला.